फाइलीवर लिहू नका, शेजारी लिहा

"सॉर्टने माझी फाइल खाल्ली," असं परवा एक नवा सहकारी येऊन म्हणाला. त्याला नावांची यादी वर्णानुक्रमे लावायची होती. त्याने सॉर्ट कमांड लिहिली, पुढे बाणाचं चिन्ह टाकलं आणि निकाल त्याच फाइलीत साठवायला सांगितला. हाती आली शून्य बाइटची फाइल. यात सॉर्टचा दोष नाही. कमांडची ओळ आधी शेल, म्हणजे कमांड समजून घेऊन चालवणारा प्रोग्रॅम, वाचतं. बाण दिसला की ते समोरची फाइल उघडतं आणि उघडतानाच रिकामी करतं. सॉर्ट सुरू होतं ते त्यानंतर, तोवर वाचायला काही उरलेलंच नसतं.

फाइल बदलणं ही एकसंध, क्षणात उरकणारी क्रिया आहे, हा गैरसमज अनुभवी माणसांच्या स्क्रिप्टमध्येही दिसतो. प्रत्यक्षात जुना मजकूर पुसणं आणि नवा लिहून पूर्ण होणं यांत वेळ जातो. तो काही मिलिसेकंदांचाच असेल, पण नेमक्या त्याच वेळी एखाद्या सर्व्हरने कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल) वाचायला घेतली, डिस्क भरली किंवा वीज गेली, तर अर्धवट फाइल उरते.

यावरचा उपाय युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ रचनेतच आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. तिथे फाइल वेगळी आणि तिचं नाव वेगळं. फाइलीचा आकार, मालक, परवानग्या आणि मजकूर डिस्कच्या कोणत्या ब्लॉकमध्ये आहे ही माहिती 'आयनोड' नावाच्या नोंदीत असते. नाव मात्र त्या नोंदीत नसतं, ते डिरेक्टरीत असतं. डिरेक्टरी म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखा तक्ता: एका रकान्यात नाव, शेजारी आयनोडचा क्रमांक.

आता नवा मजकूर जुन्या फाइलीवर न लिहिता शेजारी दुसऱ्या फाइलीत लिहिला तर? तो पूर्ण होईपर्यंत जुन्या फाइलीला धक्का लागत नाही. मग फक्त तक्त्यातल्या जुन्या नावासमोरचा क्रमांक बदलायचा. हे काम 'रीनेम' हा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) केलेली विनंती, करतो. तो 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आला. त्याआधी जुनं नाव काढून तेच नाव नव्या आयनोडला जोडावं लागे आणि मधल्या क्षणी त्या नावाची फाइलच नसे. रीनेम करताना कर्नल डिरेक्टरीला कुलूप लावतो, क्रमांक बदलतो आणि कुलूप काढतो. वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल मिळते, नाही तर पूर्ण नवी.

ज्या प्रोग्रॅमने जुनी फाइल आधीच उघडलेली असते, तो निवांतपणे जुनाच आयनोड वाचत राहतो. शेवटचं नाव गेलं आणि शेवटच्या प्रोग्रॅमनेही फाइल बंद केली, की मगच आयनोडची जागा मोकळी होते. मोठी लॉग फाइल पुसूनही डिस्क भरलेलीच दिसते, त्याचं कारणही बहुधा हेच: कुणीतरी ती अजून उघडी धरून ठेवलेली असते.

तेव्हा स्क्रिप्टमध्ये क्रम असा ठेवा. त्याच डिरेक्टरीत 'एमकेटेम्प' या कमांडने तात्पुरती फाइल बनवा, तिच्यात लिहा, तपासा, डिस्कवर उतरवा आणि शेवटी 'एमव्ही' करा, म्हणजे रीनेम वापरणाऱ्या या कमांडने तिला जुन्या फाइलीचं नाव द्या. तपासण्याची सोय अनेक प्रोग्रॅममध्ये असतेच. दूरच्या मशीनवर लॉगिन देणाऱ्या एसएसएचच्या सर्व्हरला 'टी' पर्याय दिला आणि 'एफ'ने नवी फाइल दाखवली, की तो चुका सांगतो. अ‍ॅडमिनचे अधिकार कुणाला हे ठरवणारी फाइल बदलण्यासाठीचं 'व्हीआयसुडो' तर ही सगळी कसरत स्वतःच करतं.

त्याच डिरेक्टरीत का? कारण आयनोडचा क्रमांक त्याच्या फाइल सिस्टिमपुरताच, म्हणजे साठवणुकीच्या त्या विभागापुरताच, अर्थपूर्ण असतो. तात्पुरत्या फाइलींची सामायिक डिरेक्टरी अनेकदा वेगळ्या फाइल सिस्टिमवर असते. तिथून एमव्ही केलं तर ते काही न बोलता मजकूर कॉपी करतं आणि मूळ फाइल पुसतं. म्हणजे अर्धवट फाइलीचा धोका पुन्हा आलाच.

डिस्कवर उतरवण्याची पायरी लोक गाळतात. एक्स्ट 4 ही फाइल सिस्टिम मजकुरासाठी ब्लॉक उशिरा नेमते. 2009 च्या सुमारास अनेकांना याचा फटका बसला: नावाची अदलाबदल डिस्कवर पोचली, मजकूर मात्र मेमरीतच राहिला आणि मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य बाइटच्या फाइली उरल्या. लिनक्स 2.6.30 मध्ये यावर उतारा आला, तरी रीनेमआधी 'एफसिंक' (त्या फाइलीचा मजकूर डिस्कवर उतरवायची विनंती) करणं हाच खात्रीचा मार्ग.

याच संदर्भात एक अंधश्रद्धा अजून टिकून आहे: मशीन बंद करण्याआधी 'सिंक' (मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवणारी कमांड) तीनदा द्यायचं. जुन्या युनिक्सवर सिंक फक्त लिहिण्याची सूचना देऊन परतत असे. तीन वेगळ्या ओळी टाइप करेपर्यंत डिस्कला वेळ मिळे, तेवढाच त्याचा उपयोग. पुढे लोक तिन्ही एका ओळीत लिहू लागले, तेव्हा तो वेळही गेला आणि मंत्र तेवढा उरला. आजच्या लिनक्सवर सिंक काम संपेपर्यंत थांबतं, त्यामुळे एकदा पुरे.

एमव्ही करण्याआधी परवानग्याही बघून घ्या. एमकेटेम्पची फाइल 600 परवानगीची असते, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता येते. तशीच जागेवर नेली, तर दुसऱ्या खात्यावर चालणाऱ्या सर्व्हरला स्वतःचीच कॉन्फिग उघडता येत नाही. आणि मूळ नाव सिम्बॉलिक लिंकचं, म्हणजे दुसऱ्या फाइलीचा फक्त पत्ता सांगणाऱ्या फाइलीचं असेल, तर एमव्ही त्या लिंकच्याच जागी साधी फाइल ठेवतं. अशा वेळी आधी 'रीडलिंक' या कमांडने खरा पत्ता काढा आणि अदलाबदल तिथे करा.