सायक्लोक्रॉस (हौशी)

सायक्लोक्रॉस म्हणजे गवत, चिखल, वाळू, पायऱ्या आणि आडव्या लावलेल्या फळ्या असा सगळा मालमसाला भरलेल्या अडीच-तीन किलोमीटरच्या वळशावर ठरलेली मिनिटं सायकल हाणत राहायची, आणि जिथे हाणता येत नाही तिथे उतरून ती खांद्यावर टाकून पळायचं, अशी रेस. जन्म फ्रान्समधला, बहरली बेल्जियममध्ये, सीझन साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी. टीव्हीवर दिसते ती बेल्जियन आणि डच प्रोफेशनल मंडळींची, तिच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. ही नोंद दुसऱ्या गर्दीबद्दल आहे, ज्यांना आपण जिंकणार नाही हे घरून निघतानाच माहीत असतं आणि तरी रविवारी अंधारात उठून सायकल गाडीच्या मागे बांधतात.

नावाचं थोडं बघू. डच-फ्लेमिश लोक याला वेल्डरायडन म्हणतात, म्हणजे शेतातून सायकल चालवणं. जर्मनमध्ये क्वेअरफेल्डाइन, म्हणजे शेतं आडवी कापत. मराठीत शब्द नाही आणि बनवायची गरजही वाटत नाही. खेळणारे नुसतं 'क्रॉस' म्हणतात, लिहिताना सीएक्स.

'हौशी' हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. १९६७ ते १९९३ या काळात वर्ल्ड चँपियनशिपमध्ये प्रोफेशनल आणि अमॅच्युअर असे दोन वेगळे किताब होते, आणि त्यातले अमॅच्युअर हे आपल्या अर्थाने हौशी अजिबात नव्हते. बेल्जियमच्या रॉबर्ट व्हर्मेअरने तो किताब पाच वेळा जिंकला, रॉजर दे व्लामिंकने १९६८ मध्ये अमॅच्युअर आणि १९७५ मध्ये प्रोफेशनल असे दोन्ही. ही माणसं फक्त कागदावर अमॅच्युअर. १९९४ पासून दोन्ही गट एकत्र करून 'एलिट' केले, त्यामुळे हा गोंधळ आता जुन्या रिझल्टच्या याद्या वाचणाऱ्यालाच होतो. इथे हौशी म्हणजे हौशी रंगभूमीवाला हौशी, पदरचे पैसे घालून करणारा.

उगमाबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि बहुतेक ठिकाणी त्या एकापाठोपाठ एक ठेवून मोकळे होतात. पहिली दान्येल गुसोची. हा फ्रेंच सैन्यातला साधा शिपाई, त्याचा जनरल रानात घोड्यावरून रपेट मारायला निघाला की हा सायकलवरून सोबत, घोडा जाईल तिथून सायकल काढायची, नाही निघाली तर उचलायची. मजा आली म्हणून मित्रांना बोलावलं, मग रेस लावल्या, आणि १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय चँपियनशिप भरवली, ती फेर्दिनां द बेदरने जिंकली. चँपियनशिप आणि विजेता याबद्दल वाद नाही. घोड्याची गोष्ट जरा जपून घ्यावी, कारण गुसो पुढे फ्रेंच सायकल संघटनेचा सरचिटणीस झाला आणि सरचिटणीस झालेल्या माणसाच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत होतात.

दुसरी गोष्ट अशी की १९०० च्या आगेमागे रोड रेस करणारे लोक हिवाळ्यात अंग गरम ठेवायला म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता सोडून शर्यत लावायचे, शेतातून, कुंपणावरून, समोर चर्चचा मनोरा धरून जिकडून जमेल तिकडून. घोड्यांच्या स्टीपलचेसचं नाव त्या मनोऱ्यावरूनच आलंय, म्हणजे इकडेही घोडा आहेच, फक्त जनरल नाही. या बाजूने बोलणारे ऑक्ताव्ह लापिझचं उदाहरण देतात: १९०७ मध्ये तो क्रॉसचा फ्रेंच चँपियन झाला, १९१० ची तूर द फ्रान्स जिंकला आणि त्याचं श्रेय त्याने हिवाळ्यातल्या क्रॉसला दिलं. बेल्जियमची पहिली राष्ट्रीय चँपियनशिपही १९१० चीच, आणि तो योगायोग असावा असं वाटत नाही.

या दोन गोष्टींत एक तिसरी दबून जाते. १९२४ मध्ये पॅरिसला जी आंतरराष्ट्रीय रेस सुरू झाली, जिला पुढची पंचवीसेक वर्षं अनौपचारिक वर्ल्ड चँपियनशिपचा मान होता, तिच्या नावात 'क्रॉस सिक्लो-पेदेस्त्र' असं होतं. पेदेस्त्र म्हणजे पायी. म्हणजे त्या काळच्या लोकांच्या डोक्यात ही क्रॉस-कंट्री धावण्याच्या घरातलीच रेस होती, सायकल बरोबर घेऊन केलेली. त्यामुळे जनरलच्या घोड्यापेक्षा हिवाळी ट्रेनिंग अधिक क्रॉस-कंट्री हीच जोडी खरी मानणं बरं. पहिली अधिकृत वर्ल्ड चँपियनशिप १९५० ची, पॅरिसलाच, जिंकली जाँ रोबिकने, जो १९४७ ची तूर आधीच जिंकून बसला होता. बायकांची वर्ल्ड चँपियनशिप थेट २००० साली, अर्धशतक उशिरा. पहिली विजेती जर्मनीची हांका कुपफर्नागल.

गंमत अशी की ट्रेनिंगवाली बाजू इतिहासात जड असली तरी आजचा हौशी माणूस गुसोच्याच गोष्टीत जगतो, म्हणजे मजा येते म्हणून उतरतो. याचं कारण त्याच्या वृत्तीत कमी आणि रेसच्या आखणीत जास्त आहे. आपल्याकडे सायकल रेस म्हटलं की मुंबई–पुणे आठवते; त्यात बोरघाटात गटापासून जो सुटला तो सुटला, पुढचं सगळं अंतर तो एकटा, रस्त्यावरच्या लोकांना वाटतं हा कुणीतरी कामावर चाललाय. क्रॉसमध्ये वळसा छोटा आणि गुंडाळलेला, मार्ग आखणाऱ्या दोऱ्यांच्या पलीकडून आलेला माणूस दोन हातांवरून जातो पण तो पुढे आहे का मागे हे कळत नाही. दहा मिनिटांत अख्खं मैदान मिसळून जातं. मग पन्नासाव्या नंबरवाल्याची एकावन्नाव्याशी रेस लागते आणि ती पहिल्या-दुसऱ्याइतकीच जिवाच्या आकांताने होते. शेवटून दुसरा यायला लोक इथे खरोखर स्प्रिंट मारतात.

दुसरं म्हणजे रेस अंतरावर नाही, वेळेवर. नवख्यांची ३० ते ४० मिनिटं, वरच्या गटाची तासभर. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना किती वेळ लागला ते बघून अधिकारी एकूण किती फेऱ्या होतील ते ठरवतात, उरलेल्या फेऱ्यांचा आकडा पाटीवर लावतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजवतात. पहिला आला की बाकीचे आपापली चालू फेरी पुरी करून थांबतात. म्हणजे ज्याला पुढच्याने एक वळसा घातला त्याला एक फेरी कमी करावी लागते, आणि पाय गळालेली माणसं मागे वळून वळून बघतात ती कुणी गाठू नये म्हणून की लवकर गाठावं म्हणून हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. मोठ्या आंतरराष्ट्रीय रेसमध्ये ही चैन नाही. तिथे ८० टक्क्यांचा नियम: पुढच्याची पहिली फेरी ७ मिनिटांची असेल तर त्याच्या मागे ५ मिनिटं ३६ सेकंद पडलात की शिट्टी, बाहेर. हौशी रेसमध्ये हा नियम बहुतेक ठिकाणी गुंडाळून ठेवतात, आणि माझ्या मते या प्रकाराच्या लोकप्रियतेत चिखलाइतकाच वाटा या न लावलेल्या नियमाचा आहे.

फेरी मागच्या रांगेतून कशी दिसते ते सांगायला हवं. शिट्टी वाजते आणि काहीच होत नाही, कारण पुढच्या सहा रांगा हलल्याशिवाय तुम्ही हलत नाही. पहिल्या वळणावर सगळे एकदम पोचतात आणि उभे राहतात, अक्षरशः एक पाय खाली टेकून. मग उताराला आडवी गेलेली ओल्या गवताची पट्टी, तिथे सायकल सरळ जाते आणि माणूस खाली. मग फळ्या: दोन, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच, मध्ये ४ मीटर अंतर. त्यांच्या आधी उजवा पाय मागून टाकून चालत्या सायकलवर डावीकडे उभं राहायचं, उडी, दांडी धरून सायकल उचलायची, दोन उड्या, खाली ठेवायची आणि वर बसायचं. हे बसणं म्हणजे आपण गल्लीत शिकलेली टांग नव्हे. त्या टांगेत डावा पाय पायडलवर असतो. इथे जमिनीवरूनच झेप घेऊन उजव्या मांडीच्या आतल्या बाजूवर सीटवर उतरायचं, चूक झाली तर कुठे उतराल ते लिहायला नको. नवखे लोक उडीआधी एक जादा थबकतं पाऊल टाकतात, ती सवय मोडायला एक सीझन जातो. बेल्जियमचा स्वेन नेस या फळ्यांवरून सायकलसकट उडी मारून जायचा, त्याचे व्हिडिओ बघून दर वर्षी बरेच जण तोंडावर पडतात. पुढे चढ, तिथे सायकल खांद्यावर, आणि चौथ्या फेरीला तिच्यावर इतका चिखल असतो की ती सकाळची सायकल राहिलेली नसते. गवत चेनमध्ये गुंडाळलं जातं, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) तिरका होतो, कधी तो जिथे लटकतो तो हँगर तुटतो आणि मग उरलेली फेरी पायी. पैसेवाले पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलायच्या ठरलेल्या जागी, दुसरी सायकल उभी ठेवतात, तीही फक्त तिथेच बदलता येते.

या सगळ्यात दोऱ्यांच्या बाहेर उभे असलेले लोक गप्प बसत नाहीत. गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवणं बेल्जियम-स्वित्झर्लंडपासून चालत आलेलं, पण रेसरची यथेच्छ टिंगल करणं आणि चढावर त्याच्यासमोर बिअरचा ग्लास, डॉलरची नोट नाहीतर तळलेलं बेकन धरणं हे अमेरिकेत जास्त वाढलं. नियमाने बरंच काही बसत नाही आणि तिथल्या संघटनेने अधूनमधून डोळे वटारले आहेत, पण फारसा फरक पडलेला दिसत नाही.

अमेरिकेत पहिली राष्ट्रीय चँपियनशिप १९६३ मध्ये इलिनॉयच्या पॅलोस पार्कला झाली, सलग परंपरा १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातून लागली, पण हौशी क्रॉसची राजधानी विचाराल तर ओरेगॉनमधलं पोर्टलंड. तिथली क्रॉस क्रूसेड मालिका १९९३ ची, एका दिवसाला हजाराच्या वर माणसं उतरल्याच्या नोंदी आहेत, तिची एक रेस बरीच वर्षं अल्पेनरोझ नावाच्या डेअरीच्या आवारात व्हायची. हॅलोविनच्या रेसला वेशभूषा, म्हणजे केळं, नन, डायनोसॉर असे सगळे एकाच चिखलात. याच शहरात २००७ मध्ये सिंगलस्पीड सायक्लोक्रॉस वर्ल्ड चँपियनशिप सुरू झाली, एकाच गिअरच्या सायकलींची, अधिकृततेची साफ थट्टा करणारी; जिंकणाऱ्याला सोनेरी चड्डी मिळते आणि टॅटू काढून घ्यावाच लागतो. एक गिअर ही नुसती चेष्टा नाही म्हणा, चिखलात मोडणारी वस्तू मुळात काढूनच टाकली की मोडत नाही.

टायरच्या रुंदीवर हौशी लोक जितकं बोलतात तितकं प्रोफेशनलही बोलत नसतील. आंतरराष्ट्रीय मर्यादा ३३ मिलिमीटर. आधी ती ३५ होती, २०१० च्या सुमारास खाली आणली. कारण सरळ आहे, टायर रुंद झाला की चिखल सोपा होतो आणि मग ती माउंटन बाइकची रेस होते. गावपातळीवर बहुतेक ठिकाणी ही मर्यादा नाही, माउंटन बाइक घेऊनही उतरू देतात, फक्त हँडलच्या टोकांना शिंगं नकोत. हवा मात्र सगळे मुद्दाम कमी ठेवतात, दीड-दोन बार, म्हणजे रस्त्यावर अंगठ्याने दाबून "अरे पंक्चर आहे की" म्हणाल इतकी. कमी हवेत पकड येते आणि रिम दगडावर आपटतो. ट्यूबलेस आल्यापासून पंक्चर कमी झाले, आपटणं तेवढंच आहे.

इंग्लंडचं प्रकरण वेगळं. यॉर्कशायर डेल्समधली थ्री पीक्स ही १९६१ पासूनची रेस इंगलबरो, वर्नसाइड आणि पेनिगेंट या तीन डोंगरांवरून जाते, सुमारे ६१ किलोमीटर, वळसे वगैरे काही नाही, आणि बराच भाग सायकल पाठीवर. वर सांगितलेलं छोट्या वळशाचं सुख इथे शून्य, तरी हौशी लोकच ती भरतात. माउंटन बाइकला इथे बंदी, वाकड्या हँडलचीच सायकल लागते.

बागेतल्या रेसचा एक खरा प्रश्न म्हणजे बाग. ओल्या जमिनीवरून पाच-सहाशे माणसं चार तास फिरली की गवत उरत नाही. जानेवारी २०१५ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनला झिल्कर पार्कमध्ये राष्ट्रीय चँपियनशिप चालू असताना पाऊस झाला, जुन्या झाडांच्या मुळांना धोका आहे म्हणून रविवारच्या रेस थांबवल्या आणि त्या सोमवारी उरकल्या. विमानाची तिकिटं काढून आलेल्यांचं काय झालं असेल ते समजून घ्या.

थंडीसाठी पायांना गरम बाम चोळतात. आपल्याकडच्या डोकेदुखीच्या बामाचाच भाऊबंद, आणि हात न धुता डोळ्याला लावला तर तसाच झोंबतो. रेस संपली की सायकल धुवायला पाइपची रांग, बहुधा रेसइतकीच लांब. शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर ठेवावेत, भिजले की बदलावेत, तरी सोमवारपर्यंत वाळत नाहीत. आणि पाण्याचा जोराचा झोत क्रँकच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर थेट मारू नये, ग्रीस निघून जातं आणि पुढच्या रविवारी कुरकुर ऐकू येते.