कार्टरबाई वेगळ्या, बार्करबाई वेगळ्या

परवा परत तेच. आमच्या जुन्या सिनेमावाल्यांच्या ग्रुपवर एकानं क्लिप टाकली, अमेरिकन विनोदी नटी लूसील बॉलच्या बोटात एलिझाबेथ टेलरची ती भलीमोठी हिऱ्याची अंगठी अडकलीय आणि काही केल्या निघेना झालीय. खाली मजकूर, "म्हातारपणी टीव्हीवर परत आली आणि तोंडावर आपटली, हीच ती सिरीयल." त्याखाली रडक्या इमोजींची रांग. अरे बाबांनो, ती क्लिप १९७० ची आहे, 'हिअर्स लूसी'ची, आणि ती सिरीयल सहा वर्षं चालली, सुरुवातीच्या वर्षांत तर अमेरिकेत वरच्या नंबरांत होती. आपटली ती 'लाइफ विथ लूसी', १९८६ ची. दोन्हींच्या मध्ये बारा वर्षं लूसीबाईंची सिरीयलच नव्हती.

हे मी आजवर इतक्यांदा सांगितलंय की आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे चिकटवायचं आणि गिऱ्हाईकाकडं बघायचं.

तिची पहिली सिरीयल 'आय लव्ह लूसी', तिच्याबद्दल सांगत बसत नाही, ती तुम्हाला माहितीय. १९५१ ते ५७, काळी-पांढरी, नवरा रिकी, शेजारी फ्रेड-एथेल, चॉकलेटचा पट्टा. तिच्यात कुणी गोंधळत नाही. १९६२ ते ६८ ची 'द लूसी शो'पण बाजूला ठेवू, ती बँकवाली. घोळ होतो तो शेवटच्या दोघींत, आणि खरं सांगायचं तर व्हावा असंच सगळं आहे. दोन्ही रंगीत. दोन्हीत लूसी विधवा. दोन्हीत समोर तोच नट गेल गॉर्डन, तोच डोळे वटारून हळूहळू लाल होत मग एकदम फुटणारा. दोन्हीत ती नात्यातल्याच माणसाबरोबर काम करते. आडनावंसुद्धा बघा, एकीत लूसी कार्टर, दुसरीत लूसी बार्कर. म्हणजे ज्यानं ठेवलं त्यानंच घोळ घालून ठेवलाय.

किरकोळ फरक पटकन सांगून टाकतो. कार्टरबाई सीबीएस चॅनलवर, १९६८ ते ७४, १४४ भाग. बार्करबाई एबीसीवर, २० सप्टेंबर १९८६ ला सुरू आणि १५ नोव्हेंबरला शेवटचा भाग, १३ शूट झाले त्यातले आठच दाखवले. कार्टरबाईंची पोरं म्हणजे लूसील बॉलची खरीखुरी पोरं, लूसी आर्नाझ आणि डेझी आर्नाझ ज्युनियर. बार्करबाईंना मुलगी-जावई आणि दोन छोटी नातवंडं. कार्टरबाई लोकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या ऑफिसात, बार्करबाई हार्डवेअरच्या दुकानात. झालं. एवढ्यावर परीक्षेत पास व्हाल, पण एक चालली आणि एक का झोपली ते यातनं कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो मग ठरलेलं वाक्य टाकतो, "वय झालं होतं हो तिचं". त्या वाक्याचा मला जाम राग येतो, त्याच्याकडं येतोच.

खरा फरक नात्याचा आहे. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतनं वाचणाऱ्याला तो पटकन दिसतच नाही कारण त्यांच्याकडं सगळेच 'इन-लॉ', दीर पण इन-लॉ, मेहुणा पण इन-लॉ, आणि व्याह्याला तर धड शब्दच नाही. आपल्याकडं प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि शब्दाबरोबर कसं वागायचं ते पण ठरलेलं आहे. तर मराठीत मांडून बघा. 'हिअर्स लूसी'त गेल गॉर्डन म्हणजे हॅरी कार्टर, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा भाऊ. म्हणजे दीर. शिवाय ऑफिसचा मालक, आणि ही तिथं पगारावर. दोन पोरं पदरात. तो तिला कधीही "उद्यापासून येऊ नकोस" म्हणू शकतो, आणि म्हणतोही. 'लाइफ विथ लूसी'त तोच गेल गॉर्डन म्हणजे कर्टिस मॅकगिबन, तिच्या जावयाचा बाप. म्हणजे व्याही. आणि दुकान? अर्धं त्याचं, अर्धं तिच्या नवऱ्याचं, नवरा गेल्यावर ते अर्धं हिच्या नावावर. म्हणजे ही अर्धी मालकीण आणि वर विहीणबाई.

आता तुम्हीच सांगा, विहीणबाईवर कोण ओरडतो?

आमचं दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आहे, हार्डवेअरचंच, त्यामुळं या विषयात मला जरा जास्त कळतं असं समजा. माझ्या बहिणीच्या सासूबाई, म्हणजे बाबांच्या विहीणबाई, एकदा दिवाळीच्या आधी महाद्वारात खरेदी करून दुकानात टेकल्या. रिक्षा मिळेपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून त्यांनी वायसरचे, म्हणजे नटाखालच्या चकत्यांचे, डबे खाली घेतले आणि "हे सगळे गोलच आहेत की, एकाच डब्यात राहतील" म्हणून दोन सुताचे, तीन सुताचे, चार सुताचे, सगळी मापं एकत्र केली. वर रिकामे झालेले डबे पुसून एकात एक घालून ठेवले. बाबा गल्ल्यावर बसून बघत होते. मी एक बिजागरी चुकीच्या खणात टाकली तर अख्ख्या लाईनीला ऐकू जाईल असा आवाज लावणारा माणूस, आणि तोंडातनं काय निघालं तर, "राहू दे की विहीणबाई, पोरं बघतील, तुम्ही चहा घ्या." कान लाल, हातातल्या पेनाचं टोपण चावून चपटं केलेलं, पण आवाज तुपासारखा. त्या गेल्यावर सगळं माझ्यावर निघालं, रात्री नऊपर्यंत मी आणि कामाचा पोरगा सूत मोजत बसलो होतो.

'लाइफ विथ लूसी'च्या पहिल्याच भागात जवळजवळ हेच आहे, बार्करबाई दुकानातला सगळा माल एबीसीडीप्रमाणे लावून टाकतात. ज्यानं कधी हार्डवेअरचं दुकान चालवलंय त्याला ऐकूनच घाम फुटेल कारण या धंद्यात माल मापानं आणि कामानं लावतात, पाइपच्या एल्बोशेजारी टी, नळाशेजारी टेफ्लॉन टेप, कडीशेजारी कोयंडा. म्हणजे मसाला एक नंबर होता! आणि मग गेल गॉर्डन येतो, बघतो आणि फुटतो. सरळ ओरडतो. जसा हॅरी ओरडायचा, जसा त्याच्या आधी 'द लूसी शो'त बँकेचा साहेब म्हणून ओरडायचा, तस्सा.

इथंच माझं म्हणणं आहे. नातं बदललं, ओरडणं तेच ठेवलं. हॅरी ओरडायचा तेव्हा त्या ओरडण्याला वजन होतं, बाईची नोकरी जाणार, महिन्याचं काय, मग ती ते निस्तरायला जायची आणि अजून मोठा घोळ घालायची, आणि त्यातनं पुढची वीस मिनिटं चालायची. कर्टिस ओरडून करणार काय? काढू शकत नाही, अर्धी मालकीण आहे. घरातनं हाकलू शकत नाही, ती तिच्या लेकीचं घर आहे, आणि हा स्वतःच तिथं राहायला येऊन बसलाय. सुनेची आई आहे, जास्त ताणलं तर पोराच्या संसारात खडा पडणार. म्हणजे हा माणूस बाबांसारखा पेनाचं टोपण चावत बसायला पाहिजे होता! गोड बोलत, आतनं जळत, आणि सगळा राग कामाच्या पोरावर काढत. तिथं विनोद होता. पण लिहिणारे बॉब कॅरोल आणि मॅडलिन डेव्हिस, 'आय लव्ह लूसी'पासूनचे, हात इतका बसलेला की त्यांनी व्याह्याला साहेबाचे संवाद दिले.

चॉकलेटचा पट्टा आठवा, १९५२ चा, कारखान्यात लूसी आणि एथेल सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटं कागदात गुंडाळतात तो. आपल्याला वाटतं आपण तिच्या तोंडात कोंबलेली चॉकलेटं बघून हसतो. पण त्याच्या आधी ती सुपरवायझर बाई येऊन दम देऊन जाते की एक जरी चॉकलेट कागद न गुंडाळता पुढं गेलं तर काढून टाकीन. तो दम काढून बघा. दोन बायका पट्ट्यावरनं चॉकलेटं उचलून खातायत, बास. कुणीतरी 'नाही' म्हणणारं वर असलं तरच लूसी लूसी होते, रिकी 'नाही' म्हणतो, हॅरी 'नाही' म्हणतो, सुपरवायझर 'नाही' म्हणते. बार्करबाईंना 'नाही' म्हणायला त्या घरात, त्या दुकानात कुणीच नाही. सगळे आजी आजी करतात.

पडद्यामागं पण तेच झालं असं मला वाटतं. एबीसीनं नमुन्याचा भाग न बघताच अख्खी सिरीयल घेतली. निर्माते म्हणून लूसीचा नवरा गॅरी मॉर्टन आणि त्या काळातला सगळ्यात चलती असलेला ॲरन स्पेलिंग. लूसील बॉलला कोण सांगणार की बाई हा सीन जुना झाला? आणि ती सेटवर दिसली की समोर बसलेलं पब्लिक टाळ्या थांबवतच नाही. टाळ्या सत्काराला असतात, सिरीयलमधल्या बाईला नसतात. आपल्याकडं पण बघितलंय की, जुना नट स्टेजवर आला की पहिल्या रांगेतले उठून उभे राहतात आणि मग त्याच्या पहिल्या विनोदाला हसायचं राहूनच जातं.

आता ते वय. ऑगस्ट १९८६ मध्ये ती ७५ ची झाली, गेल गॉर्डन ८० चा. मान्य. पण 'लाइफ विथ लूसी' लागायची शनिवारी रात्री, आणि त्याच रात्री, तासाभरानं, एनबीसी चॅनलवर 'द गोल्डन गर्ल्स' लागायची, चार वयस्क बायका एका घरात, त्यातल्या बी आर्थर आणि बेटी व्हाइट खऱ्या आयुष्यात ६४ च्या, आणि ती सिरीयल वरच्या दहात. म्हणजे त्याच रात्री तेच प्रेक्षक म्हातारपणावर पोट धरून हसत होते. आणि तिथं सोफिया म्हातारीला लेक काय दम देते आठवा, परत शेडी पाइन्समध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नेऊन टाकीन! बघा, परत तेच, वर कुणीतरी आहे. लूसीबाईंनी स्वतः पण वर्षभर आधी, १९८५ मध्ये, 'स्टोन पिलो' या टीव्हीवरच्या सिनेमात रस्त्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं काम केलं होतं, लोकांनी ते बघितलं. वय लपवलं नाही तर लोक बघत होते.

उलट 'हिअर्स लूसी'त काय झालं ते सांगतो, हे फारसं कुणाला माहिती नसतं. १९७२ च्या सुरुवातीला स्कीइंग करताना तिचा पाय मोडला, चांगलाच मोडला. तेव्हा ती साठीची. सिरीयल थांबवली नाही, लपवलं पण नाही, पाचव्या सीझनची सुरुवात कार्टरबाईंचाच पाय मोडण्यापासून केली आणि प्लास्टरसकट भाग लिहिले. पाय उचलता येत नाही ना, मग त्यावरच विनोद. आणि १९८६ ला ७५ व्या वर्षी तिच्याकडनं पुन्हा पडणं-झडणं करून घेतलं, पण तिचं वय असं कथेत धरलंच नाही. बघणारा हसायच्या ऐवजी खुर्ची पुढं ओढतो, की आजी पडते की काय. मी पहिला भाग यूट्यूबवर बघताना माझी आई मागनं म्हणाली, "कुणीतरी धरा की तिला." विनोदी सिरीयल बघताना हे वाक्य आलं की विषय संपला.

अजून एक खटकतं ते म्हणजे "या अपयशाच्या धक्क्यानं गेली" हे जे लोक ठोकून देतात. सिरीयल बंद झाली नोव्हेंबर १९८६ मध्ये, ती गेली एप्रिल १९८९ मध्ये, महाधमनीच्या दुखण्यानं. मनाला लागलं होतं हे खरं, आणि त्यातच २ डिसेंबरला डेझी आर्नाझ गेला, पहिला नवरा, आपला रिकी. पाचच दिवसांनी तिला केनेडी सेंटरचा सन्मान होता आणि तिथं त्यानं तिच्यासाठी लिहून ठेवलेले शब्द वाचून दाखवले. तेवढा प्रसंग बघा, मग रडके इमोजी टाका, माझी काही हरकत नाही.

क्लिप कुठली ते ओळखायचं असेल तर सोपं आहे. एलिझाबेथ टेलर आणि तिचा नवरा रिचर्ड बर्टन दिसले, किंवा तिची पोरं कॉलेजच्या वयाची दिसली, कार्टर. मागं फळीवर हातोड्या-पाने लटकलेत आणि एखादं पोर तिला आजी म्हणतंय, बार्कर. त्यातली छोटी नात म्हणजे जेनी लुईस, पुढं रॉक गायिका म्हणून नाव काढलेली. न दाखवलेल्या भागांसकट सगळी सिरीयल २०१९ मध्ये डीव्हीडीवर आली, तेव्हा बघून मग बोला, माझं म्हणणं चुकीचं वाटलं तर दुकानात या, रविवार सोडून.

ग्रुपवरच्या आमच्या मित्रानं हे सगळं ऐकून घेतलं, "बरोबर आहे भावा" म्हणाला आणि मजकूर बदलून '१९७०' घातलं. बाकी "तोंडावर आपटली" तसंच आहे.