काममागणी

काममागणी म्हणजे बेकार माणसांनी एकत्र येऊन, लेखी आणि तारीख घालून, शासनाकडे काम मागणे. रोजगार हमीच्या कायद्यात काम आपणहून चालत येत नाही. ते मागितले की मगच देण्याची जबाबदारी शासनावर येते, आणि मागितल्याचा पुरावा हाती नसेल तर ती जबाबदारी सहज झटकता येते. त्यामुळे पुणे जिल्ह्यात मजुरांची संघटना कोणाचीही असो, तिची बरीचशी ताकद एका कागदासाठी खर्ची पडते: अर्जाची तारखेसह पोच.

पुण्याचा या हक्काशी संबंध जुना आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्येच ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामांची योजना मांडली होती. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला आणि लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलावांच्या मातीकामाला लागली. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली योजना १९७७ मध्ये कायदा झाली व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. देशाच्या २००५ च्या कायद्याने कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःच्या कायद्याखाली उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांची तरतूद असलेला नवा कायदा मंजूर केला. खालची पद्धत २००५ च्या कायद्याखाली रुळलेली आहे.

पश्चिमेकडच्या मुळशी, वेल्हे, भोर भागात भात झोडून झाले की हातांना काम उरत नाही. पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांत ही वेळ रब्बीनंतर येते. मागणी त्याच्या महिनाभर आधी करायला हवी. आधी प्रत्येक कुटुंबाचे जॉबकार्ड तपासतात: नावे, वये, बँक खाते, आधार जोडणी. सून नव्याने आली असेल तर तिचे नाव चढवून घेतात, नाहीतर तिची मजुरी अडकते. मग नमुना ४ चा अर्ज भरतात. त्यात साधारण सलग १४ दिवसांची मागणी आणि काम कोणत्या तारखेपासून हवे ते लिहितात. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा गटाने करणे सोयीचे, कारण २००५ च्या कायद्याच्या मूळ अनुसूचीतच नवे काम काढायला किमान ५० मजूर हवेत अशी अट होती. आजही मोठ्या गटाला टाळणे अवघड जाते.

अर्ज गावात योजनेचे काम पाहणाऱ्या ग्रामरोजगार सेवकाकडे द्यावा. तो घेत नसेल तर थेट तहसील कचेरीत द्यावा. महाराष्ट्रात तहसीलदार हेच कार्यक्रम अधिकारी असतात. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. गाडे बहुतेक वेळा इथेच अडते. अर्ज ठेवून घेतला जातो, पण तारीख पडते ती काम निघेल त्या दिवशीची. असे झाले की काम देण्याची १५ दिवसांची मुदत कागदावर सुरूच होत नाही आणि मुदतीत काम न दिल्यास मिळणाऱ्या बेकारी भत्त्याचा दावा बुडतो. भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि पुढे किमान निम्मा आहे. तो क्वचितच हाती पडतो, पण पोच असलेल्या गावात काम मात्र लवकर निघते. ‘शेल्फवर काम नाही’, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत काही उरलेले नाही, हे दुसरे ठरीव उत्तर. त्यावर उपाय ग्रामसभेतच करावा लागतो: सलग समतल चर, पाणंद रस्ता, रोपवाटिका, विहीर अशी कामे नावानिशी आराखड्यात घालून घ्यावीत.

काम सुरू झाल्यावर भांडण मापाचे. मातीकामात मजुरी खोदलेल्या घनफळावर ठरते. चौकडी (मापाचा चौकोनी खड्डा) खोदताना मधे मातीचा एक खुंट तसाच राखतात, त्यावरून मूळ जमिनीची पातळी आणि खोली कळते. पावसात किंवा घाईत तो ढासळला तर माप अंदाजाने पडते आणि आठवड्याचा घाम कमी भरतो. कठीण मुरूम मऊ म्हणून लिहिला गेला तरी तेच होते. म्हणून माप गटातल्या दोघांसमोर घ्यायला लावावे आणि आकडे तिथेच वहीत उतरवावेत. त्यातली एक बाई असावी, कारण खड्ड्यात बायकाही मोठ्या संख्येने उतरतात. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि पाच किंवा जास्त लहान मुले असतील तर सांभाळायला बाई हवी. गावापासून ५ किलोमीटरपलीकडे काम दिल्यास १० टक्के जादा मजुरी मिळते. जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून लागते. सह्याद्रीच्या खोऱ्यांत रेंज नसते, तिथे फोटो चढला नाही तर दिवसभर राबलेली बाई गैरहजर ठरते. हा सरळ अन्याय आहे. अशा दिवशी कागदी हजेरीवर अंगठे घेऊन तहसीलदारांना त्याच आठवड्यात अर्ज द्यावा.

पुणे शहरात अशी हमी नाही. मजूर अड्ड्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्याला काम मागायला खिडकीच नसते. शहरातली संघटना त्यामुळे वेगळ्या वाटेने गेली: असलेल्या कामावर हक्क सांगण्याच्या. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालांसाठी ते केले. १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक महिलांसाठी केले, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेमार्फत दारोदार कचरा गोळा करण्याचे काम महापालिकेशी करार करून त्यांच्याच हाती राहिले.