गोल पटाशीचं जिग : विकत घेण्याआधी हे वाचा

खानापूर भागातले एक लाटणी-पोळपाटवाले आमचे जुने ग्राहक. मागच्या पावसाळ्यात गोल पटाशी (लेथवर फिरतं लाकूड कापायची, पन्हळ असलेली पटाशी) घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "हल्ली लाकूडच टणक येतंय बघा, बाभळीवर चालेना झालीय." पटाशी उजेडात धरली, तर धारेमागच्या उतारावर पाच-सहा पैलू! दर वेळी ग्राइंडरवर अंदाजानं धरलेली, दर वेळी कोन वेगळा. टोक निळं पडलेलं आणि पटाशी बोटभर झिजलेली. बाभळीचा काही दोष नव्हता.

लेथवर आधी उतार लाकडाला टेकतो, मग धार कापते. उतार एकसंध असेल तर पटाशी लाकडावर टेकून सरकत जाते. पैलू असतील तर ती थरथरते, मध्येच खोल घुसते. जिग म्हणजे धार लावताना पटाशी एकाच कोनात धरून ठेवणारा साचा. त्याचं काम एवढंच, की कालचा कोन आज पुन्हा तसाच मिळावा. मग दगडावर दोन हलके हात फिरवले की धार येते आणि पोलाद वाया जात नाही.

तयार जिग आमच्याकडे आहे. पण कातकाम करणाऱ्या माणसाला ते घरी बनवणं जड नाही, म्हणून हा कागद.

आमच्या दुकानात जे वापरतो ते असं. सागवानाचा ४० × ४० मिमीचा, ७५ मिमी लांब ठोकळा. त्यात पटाशीच्या पोलादी दांड्यापेक्षा १ मिमी मोठं आरपार भोक. वरून ८ मिमीचा बोल्ट, त्याचा नट लाकडात पक्का बसवलेला. बोल्टचं टोक पटाशीच्या पन्हळीत बसलं की पटाशी आपोआप सरळ राहते, फिरत नाही. ठोकळ्याखाली लोखंडी पट्टी आणि तिला वेल्ड केलेली ८ मिमीची सळई, तिरकी, खाली आणि मागे गेलेली. तिचं टोक कानशीनं गोल करा. हाच पाय.

हा पाय टेकतो ग्राइंडरखालच्या सरकत्या दांड्यावर. २५ मिमीच्या चौकोनी पाइपात, त्याची जाडी २ मिमी असेल तर, २० मिमीचा पाइप छान सरकतो. बाहेरचा पाइप ग्राइंडरखालच्या फळीला पक्का, आतल्याच्या टोकाला लाकडी गुटका आणि त्यात उथळ खळगा. खळगा दगडाच्या मधोमध, एका रेषेत यायला हवा. इथं चुकलात तर पटाशीचा एक कान, म्हणजे धारेची एक बाजू, लांब आणि दुसरा आखूड होतो. मग कितीही घासा, तो फरक जात नाही.

आता खरी गंमत कोनात आहे. जिगमधून पटाशीचं टोक किती बाहेर काढायचं ते कायमचं ठरवून टाका. आम्ही ५० मिमी ठेवतो आणि त्यासाठी लाकडाच्या तुकड्याला खाच मारून ठेवली आहे, रोज पट्टी कोण शोधणार! मग उतारावर मार्कर पेननं शाई फासा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हातानं फिरवा. शाई फक्त धारेजवळ खरवडली गेली तर खळगा आत सरकवा. मागच्या बाजूलाच गेली तर बाहेर ओढा. सगळीकडे सारखी गेली की दांडा घट्ट करा, पाइपवर खूण करा. दगड झिजून लहान होतो तसा कोन हळूहळू बदलतो, म्हणून शाईची परीक्षा अधूनमधून करत राहा.

पोळपाट, वाडगे यांच्या गोल पटाशीला ५० ते ६० अंश, पाळण्याच्या दांड्या नि लाटण्याच्या बारीक नक्षीला ३५ ते ४० अंश. स्क्रेपर (खरवडायची सपाट पटाशी) आणि ओबडधोबड गोल करायच्या मोठ्या पटाशीला हे जिग लागत नाही, सपाट टेकण पुरतं.

दगडाबद्दल मात्र काटकसर नको. बहुतेक ग्राइंडरबरोबर येणारा करडा दगड हायस्पीड स्टीलला फार कडक पडतो, चकाकतो आणि घासण्याऐवजी तापवतो. पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, ६० किंवा ८० नंबरचा घ्या. साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८५० फेरे फिरतो, त्यामुळे पटाशी पटकन तापते. कार्बन स्टीलची पटाशी निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच समजा, म्हणून ती पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवा. हायस्पीडला निळेपणाची एवढी भीती नाही, पण तापलेली असताना पाण्यात टाकू नका, बारीक चिरा पडतात.

नवा दगड बसवण्याआधी दोरीला लटकवून लाकडानं हलकेच ठोका. टण्ण वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर परत आणा, आम्ही बदलून देऊ. पहिलं मिनिट बाजूला उभं राहा, चष्मा लावा, हातमोजे घालू नका. भुशाच्या ढिगाशेजारी ग्राइंडर ठेवलेलं आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. ठिणगी भुशात पडली तर धुमसत राहते आणि कळतं उशिरा.

एक गोष्ट फक्त आपल्याकडच्या पावसासाठी. खानापूर, चंदगड बाजूला जून ते सप्टेंबर लाकडी ठोकळा फुगतो आणि पटाशी भोकात अडकू शकते. म्हणून लाकूड पक्कं वाळलेलं घ्या, भोकात आणि बाहेरून दोन हात जवसाचं तेल द्या. एवढं करूनही अडकलंच तर भोकात सँडपेपर फिरवा, ठोकून पटाशी घालू नका. ठोकळा बरोबर बोल्टच्या रेषेत तडकतो.