एकच पत्रा, अनेक रंग

खोदीव पत्र्यावरून रंगीत चित्र छापायचे तर जितके रंग तितक्या प्लेटा, हा जुना शिरस्ता. त्यात एक दुखणे होते. कागद आधी भिजवून घ्यावा लागतो, तरच तो प्रेसच्या दाबाखाली चरांत शिरून तिथली शाई उचलतो. पण भिजलेला कागद फुगतो आणि वाळला की आक्रसतो. म्हणून दुसऱ्या रंगाच्या वेळी आकृती केसभर तरी सरकतेच. १९५०च्या दशकात पॅरिसमधल्या एका कार्यशाळेत यावर जो इलाज सापडला, तो रंगापेक्षा तेलाशी जास्त संबंधित होता.

‘अतेलिए १७’ ही ती कार्यशाळा. ती १९२७मध्ये सुरू करणारे स्टॅन्ली विल्यम हेटर मूळचे लंडनचे. रसायनशास्त्र आणि भूशास्त्र शिकून त्यांनी इराणमध्ये आबादानला तेल कंपनीत काही वर्षे नोकरी केली आणि मग सगळे सोडून चित्रकलेसाठी पॅरिस गाठले. तिथली रीत अशी, की चित्रकाराने प्लेट द्यायची आणि छापायचे काम निष्णात कारागिराने करायचे. हेटरना ही वाटणी पटत नसे. शाई भरणे, पुसणे, प्रेस फिरवणे हेही चित्र घडण्यातच येते, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे तिथे जो तो स्वतः हात काळे करी आणि एकाला सापडलेली युक्ती सगळ्यांची होई. स्पॅनिश चित्रकार मिरो तिथे काम करून गेले. युद्धकाळात कार्यशाळा न्यूयॉर्कला हलली, तेव्हा अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकही तिथे येत.

१९५०मध्ये ती पॅरिसला परतली. पुढे तिथे दोन भारतीय एकत्र आले. एक शांतिनिकेतनात शिकलेले, पिंडाने शिल्पकार असलेले कृष्णा रेड्डी आणि दुसरे मुंबईचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून गेलेले कैको मोती. शाईत तेल कमी-जास्त केले की एक रंग दुसऱ्याला अंगाला लावूनच घेत नाही, हे या मंडळींच्या लक्षात आले आणि त्यातून एकाच प्लेटवर, एकाच दाबात अनेक रंग छापायची पद्धत उभी राहिली.

प्लेट आधी आम्लाने आणि हत्यारांनी अशी कोरतात, की तिच्यावर उंच, मधले आणि खोल असे थर तयार होतात. सर्वांत खोल रेघांत काळी शाई भरून वरची जाळीदार कापडाने पुसून घेतात. मग जवसाचे तेल भरपूर घातलेली, ओघळेल अशी पातळ शाई कडक रोलरवर घेऊन फिरवतात. कडक रोलर दबत नाही, म्हणून ती फक्त उंच भागावर बसते. त्यावरून मऊ रोलर फिरतो, घट्ट शाईचा. तो दबून खोलगट भागांत उतरतो आणि तिथे आपला रंग ठेवतो. वाटेत उंच भागालाही तो टेकतोच, पण तिथे त्याचा रंग लागत नाही.

का लागत नाही? तेलाचा हात फिरवलेल्या परातीला कणीक चिकटत नाही, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे दोन्हीकडे शाईच असते. रोलर उचलला जातो तेव्हा शाईचा पापुद्रा कुठेतरी फाटणारच आणि तो फाटतो सर्वांत कमजोर थरात. पातळ शाईची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, कमी असते. म्हणून ती मधोमध फाटते आणि घट्ट शाई जशीच्या तशी रोलरवर परत जाते. क्रम उलटा केला, घट्टावर पातळ फिरवली, की पातळ शाई खुशाल वर बसते आणि रंग मिसळतात. दोन्ही गोष्टी चित्रकाराच्या उपयोगाच्या.

ऐकायला सोपे, करायला चांगलेच चिवट. थंडीत शाई आळते, उन्हाळ्यात सैल पडते, त्यामुळे कालचे तेलाचे माप आज चालेलच असे नाही. तेल जास्त झाले तर घट्टपणासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळावी लागते. रोलर हळू फिरवला की शाई बसते, झपकन फिरवला की उचलली जाते. एकाच प्लेटच्या दोन छापांत थोडाफार फरक पडतो तो यामुळे. मला तरी तो दोष वाटत नाही.

रेड्डींनी या पद्धतीचे सोने केले, कारण प्लेट त्यांच्या लेखी कोरायचे शिल्पच होती. त्यांच्या १९६३च्या ‘व्हर्लपूल’मध्ये, म्हणजे भोवऱ्याच्या चित्रात, शेजारशेजारच्या बारीक खड्ड्यांत आणि उंचवट्यांवर वेगवेगळे रंग बसले आहेत आणि लांबून डोळा ते आपसूक मिसळतो. अशा पद्धतीचा मूळ छाप कुठल्या प्रदर्शनात दिसलाच, तर समोरून पाहून झाल्यावर बाजूने, तिरक्या उजेडात पाहावा. प्लेटवर जे खोल होते ते कागदावर वर आलेले असते, त्यामुळे कुठला रंग मऊ रोलरने ठेवला आणि कुठला कडक रोलरने, हे बरेचसे ओळखता येते.