साडेछत्तीस लाख ओळी कशाला ओढायच्या?

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते: काल अमुक इतक्या महसूल मंडळांत अतिवृष्टी. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मंडळ त्या यादीत जातं आणि पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. ती वाचून सांख्यिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याला वाटतं, गेल्या पंचवीस वर्षांत कोणत्या तालुक्यात असे प्रसंग किती आले ते काढून बघावं. इथवर उत्तम. पुढे मात्र हमखास ऐकू येतं, "सर, लॅपटॉपची रॅम कमी पडते."

रॅमचा बिचारीचा दोष नसतो. चारशे मंडळं धरा, वर्षाचे 365 दिवस, पंचवीस वर्षं: एका मंडळाच्या एका दिवसाच्या पावसाची एक ओळ, म्हणजे झाल्या 36 लाख 50 हजार ओळी. एक्सेलच्या शीटमध्ये 10,48,576 च्या पुढे ओळच नसते. ओळीला शंभर बाइट धरले तरी सर्व्हरवरच्या डेटाबेसमधून 365 एमबी नेटवरून ओढायचे. आणि हवं काय? मराठवाड्यात तालुके 76, म्हणजे उत्तर 76 ओळींचं. लातुरात सोयाबीन काय भावाने गेलं हे कळायला मोंढ्यातली पोती कुणी घरी उतरवून घेत नाही. आडत्याला फोन करतो. तसंच मोजायचं काम डेटाबेसलाच सांगायचं.

आर किंवा पायथन या विश्लेषणाच्या भाषा आणि डेटाबेस यांच्यामधे ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये ओडीबीसी हे अशा ड्रायव्हरांचं प्रमाण आणलं ते यासाठीच, की डेटाबेस बदलला तरी बोलायची पद्धत तीच राहावी. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (पोस्टग्रेस या डेटाबेसचा बहुधा 5432), नाव आणि पासवर्ड दिला की जोडणी झाली. त्यात विशेष काही नाही.

खरी गंमत आरमधल्या डीबीप्लायर या पॅकेजची. तुम्ही लिहिता: पाऊस 65 च्या वर असलेल्या ओळी गाळून घे, तालुक्याप्रमाणे गट पाड, मोज. एंटर दाबता, आणि तो यातलं काहीच करत नाही. फक्त टिपून ठेवतो. निकाल छापायला सांगितला तर वरच्या मोजक्या ओळी दाखवतो आणि एकूण ओळींच्या जागी दोन प्रश्नचिन्हं टाकतो, कारण किती आहेत हे त्याने अजून विचारलेलंच नसतं! 'शो क्वेरी' म्हटलं की सगळ्या पायऱ्यांचं मिळून बनलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला कळणाऱ्या एसक्यूएल भाषेतला प्रश्न, समोर येते: सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय. 'कलेक्ट' म्हटल्यावर पूर्ण निकाल येतो. चाळणं, मोजणं सर्व्हरवर होतं आणि तारेवरून 76 ओळी येतात. एखादं फंक्शन त्याला ओळखीचं नसेल तर तो ते जसंच्या तसं पुढे ढकलतो, आणि मग एरर सर्व्हरकडून येते. ती आरची समजून लोक तासन् तास आरमध्येच शोधत बसतात.

पायथनच्या पांडाज या लायब्ररीत फसवणूक वेगळी. 'चंकसाइज' दिला की डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो असं वाटतं. पण सायकोपीजी-2 या पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचा नेहमीचा कर्सर (निकालातल्या ओळी उचलून देणारा) क्लायंटच्या बाजूचा असतो: सगळा निकाल आधी तुमच्या मेमरीत उतरतो, तुकडे नंतर पडतात. सर्व्हरच्या बाजूचा, नाव दिलेला कर्सर उघडला (एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या लायब्ररीत 'स्ट्रीम रिझल्ट्स') तरच ओळी खरोखर हप्त्याने येतात.

एवढं जमलं की नक्षत्रांच्या वाहनांचाही निकाल लावता येईल. म्हैस, बेडूक, हत्ती आले की भरपूर पाऊस, असं पंचांगाच्या भरवशावर दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. वर्ष, नक्षत्र आणि वाहन यांचं छोटं टेबल करा, पावसाच्या टेबलाशी जोडा, वाहनागणिक सरासरी काढा. पंचांग सगळ्यांना एकच वाहन देतं, पाऊस मात्र शेजारच्या मंडळात वेगळा पडतो.

तालुक्याचं नाव क्वेरीच्या वाक्यात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून द्या. नाहीतर बाहेरून आलेला मजकूर हुकूम म्हणून चालू शकतो. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. आणि विश्लेषणासाठी खातं मागताना फक्त वाचायची परवानगी असलेलंच मागा.