कणांना दिलेली ऊर्जा परत मिळवताना

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनांचे धनभारित जुळे कण) समोरासमोर आदळवण्यासाठी आखलेल्या इंटरनॅशनल लिनियर कोलायडरच्या पहिल्या टप्प्याला सुमारे ११० मेगावॉट वीज लागेल, असा अंदाज आहे. त्यातली प्रत्यक्ष कणांच्या शलाकांमध्ये, म्हणजे झोतांमध्ये, उतरेल जेमतेम ५ मेगावॉट. बाकीची रेडिओ लहरी तयार करण्यात, चुंबकांच्या वेटोळ्यांत आणि थंडावा राखण्यात खर्च होऊन शेवटी उष्णता बनते. शिवाय समोरासमोर येणाऱ्या कणांपैकी फारच थोडे आदळतात. उरलेली शलाका, इतक्या कष्टाने मिळवलेल्या ऊर्जेसकट, एका जाड शोषकात जिरवून टाकावी लागते.

ही शेवटची नासाडी मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती टाळण्याचा उपाय जुना आहे. १९६५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या मॉरी टिग्नर यांनी तो सुचवला. त्वरकात, म्हणजे कणांना ऊर्जा देणाऱ्या अशा यंत्रात, धातूच्या पोकळ्या असतात. त्यांच्यात रेडिओ लहरींचे विद्युतक्षेत्र सतत पुढे-मागे आंदोलत असते आणि ते इलेक्ट्रॉनांना ढकलते. झोक्याला योग्य क्षणी धक्का दिला तर तो उंच जातो, उलट क्षणी हात लावला तर त्याची गती हातात येते. इथेही तसेच घडते. वापरून झालेले इलेक्ट्रॉन वळवून पुन्हा त्याच पोकळीत आणायचे, मात्र वाटेची लांबी अशी बेतायची की ते अर्ध्या तरंगाने उशिरा पोहोचतील. आता क्षेत्र त्यांना अडवते, ते मंदावतात आणि त्यांची ऊर्जा क्षेत्रात परत जमा होते. पाठोपाठ येणारे ताजे इलेक्ट्रॉन तीच ऊर्जा उचलतात. तांब्याच्या पोकळीत ही जमा रक्कम भिंतींतच झिरपून गेली असती; अतिसंवाहक, म्हणजे अतिथंड अवस्थेत विजेला जवळपास रोध न करणाऱ्या, नायोबियम धातूच्या पोकळीत ती टिकते, म्हणून हा हिशेब जुळतो.

अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेने एका फेरीचा असा त्वरक यशस्वीपणे चालवला. डिसेंबर २०१९ मध्ये कॉर्नेल आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळा यांच्या ‘सीबीटा’ या त्वरकाने पुढचा टप्पा गाठला. तिथे इलेक्ट्रॉन चार फेऱ्यांत १५ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) इतक्या ऊर्जेपर्यंत चढले आणि पुढच्या चार फेऱ्यांत ऊर्जा परत देत उतरले. चारही पातळ्यांच्या शलाका वळवण्यासाठी स्थायी चुंबकांची एकच वाट पुरली, आणि असे चुंबक विजेशिवाय आपले काम करत राहतात. त्या चाचणीतला विद्युतप्रवाह मात्र अगदी क्षीण होता. मोठा प्रवाह स्थिर ठेवून खेळवणे हे खरे अवघड काम अजून उरले आहे.

आता थंडाव्याकडे वळू. नायोबियमच्या पोकळ्या बहुधा २ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसला ठेवतात. या तापमानाला आत निर्माण झालेली एक वॉट उष्णता बाहेर काढायला साधारण ७०० ते १,००० वॉट वीज जाळावी लागते! साडेचार केल्विनला हाच खर्च सुमारे २५० वॉटवर येतो. म्हणून नायोबियम आणि कथिलाच्या संयुगावर जोर आहे. नायोबियमची अतिसंवाहकता ९ केल्विनच्या थोडे वर संपते, तर या संयुगाची १८ केल्विनच्या आसपास, त्यामुळे ते साडेचार केल्विनलाही उत्तम चालते. पण ते ठिसूळ आहे, पत्रा ठोकून आकार देता येत नाही. त्यामुळे तयार नायोबियम पोकळीत सुमारे १,१०० अंशांवर कथिलाची वाफ सोडून आतून पातळ थर चढवतात.

रेडिओ लहरी पुरवणाऱ्या क्लायस्ट्रॉन या उपकरणांतही अशीच बचत साधता येते. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या प्रस्तावित ९१ किलोमीटरच्या वर्तुळाकार कोलायडरमध्ये वळणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन शलाका प्रकाशरूपात १०० मेगावॉट गमावतील, आणि ती तूट सतत भरून काढावी लागेल. क्लायस्ट्रॉन ६० टक्के कार्यक्षम असतील तर त्यासाठी १६७ मेगावॉट लागतील; ८० टक्के झाले तर १२५. उष्णतेचा मात्र सरळ वापर सुरू झाला आहे: स्वीडनमधल्या लुंड इथे त्वरकांची ऊब शहराच्या घरगुती तापन-जाळ्यात जाते.

जगात ३०,००० हून अधिक त्वरक आहेत, आणि बहुतेक रुग्णालयांत किंवा कारखान्यांत आहेत. संशोधनासाठीचे महाकाय त्वरक त्यांत मोजकेच. कथिलाचा थर दिलेली पोकळी द्रवरूप हेलियमशिवाय, केवळ लहान शीतयंत्र जोडून थंड ठेवता येते, हे अमेरिकेतल्या फर्मीलॅबसह काही प्रयोगशाळांनी दाखवले आहे. अशा आटोपशीर यंत्रांचा एक विचाराधीन उपयोग म्हणजे सांडपाण्यातली घातक रसायने इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तोडणे.